सीमाभागातली मुलं 'आपले' आणि 'ते' कुठं शिकतात?

मार्कंडेयकाठ

मंडळी, हा धागा सीमाप्रश्नाच्या निकालाचा नाही. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याचं काय होणार, महाजन आयोगानं १९६७ साली कुणावर अन्याय केला, यावर आपण सगळ्यांनी भरपूर लिहिलंय आणि पुढंही लिहू. मला बोलायचंय ते बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात वाढणाऱ्या मुलांबद्दल.

आपल्याकडं पोर अक्षरं शिकायच्या आधी रंग शिकतं आणि त्याच दमात ते रंग कुणाचे हेही शिकतं. भगवा आपला, लाल-पिवळा त्यांचा. १ नोव्हेंबरला एका रस्त्यावर कन्नड राज्योत्सव, दुसऱ्यावर मराठी माणसांचा काळा दिन. गाडीच्या काचेवर काय चिकटवलंय, दुकानाच्या पाटीवर वरची ओळ कुठल्या भाषेत आहे, चौकात पुतळा कुणाचा आहे, हे सगळं बघत मूल एकच प्रश्न शिकतं: हा आपल्यातला की त्यांच्यातला? घरात समोर बसवून हे कुणी शिकवत नाही. जेवताना कुणीतरी सहज म्हणतं, "त्यांचं असंच असतंय," आणि 'ते' म्हणजे कोण हे मूल स्वतःच ठरवून टाकतं.

आणि हीच मुलं शेजारच्या अक्कांच्या चुलीवरची ज्वारीची भाकरी खात मोठी होतात. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेलं की रांगेत पुढचा कुठल्या भाषेचा आणि मागचा कुठल्या, हे कुणी बघत नाही. शनिवारच्या बाजारात भाजीचा भाव एका भाषेत विचारला जातो आणि उत्तर दुसऱ्या भाषेत येतं. रोजच्या जगण्यात दोन्ही भाषा आहेत. झेंड्याच्या जगात मात्र एकच.

ऑगस्ट २०२० मध्ये बेळगावजवळच्या पिरनवाडीत संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्यावरून तणाव झाला ते आठवत असेल. तोवर माझ्या मुलाला संगोळ्ळी रायण्णा म्हणजे इंग्रजांशी लढलेला, कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा शूर शिलेदार एवढंच ठाऊक होतं. त्या आठवड्यात त्यानं विचारलं, "आई, रायण्णा आपल्या विरुद्ध होता का?" १८३१ साली इंग्रजांनी नंदगडला फासावर चढवलेला माणूस २०२० साली आमच्या स्वयंपाकघरात मराठीचा विरोधक होऊन आला. पुढं चौकाला शिवाजी महाराजांचं नाव आणि पुतळा रायण्णांचा अशी तडजोड होऊन गाव शांत झालं. मुलाच्या मनात जे बसलं ते काढायला मला फार वेळ लागला.

तुमच्या घरी हे कसं झालं? मुलाला अभिमान द्यायचा आणि राग द्यायचा नाही, हे कुणाला जमलंय का? जमलं असेल तर कसं?

वैशाख_द्वितीया

ताई, तळमळीनं लिहिलंय हे दिसतंय. खरं मला एक गोष्ट खटकली. झेंडा, पाटी, पुतळा यांचं नुसतं 'मुलांच्या मनावरचा परिणाम' असं केलं की मूळ दुखणं नाहीसं होतं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा असलेले जवळपास १९ टक्के आहेत, आणि ते जिल्हाभर सारखे पसरलेले नाहीत, खानापूर, बेळगाव आणि निपाणीकडं एकवटलेले आहेत. जिथं अल्पसंख्य भाषकांची संख्या १५ टक्के किंवा जास्त असेल तिथं सरकारी नियम, सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे केंद्रानं आणि राज्यांनी मान्य केलेलं सूत्र आहे. मग माझ्या आईच्या हातात पडणारा शेतीचा उतारा तिला वाचता का येऊ नये? तिनं मुलाला बोलावून, नाहीतर शेजाऱ्याला विनवून तो वाचून घ्यायचा, आणि हे असं किती पिढ्या चालायचं?

ज्याची भाषा कचेरीत नाही, बसवर नाही, पाटीवर नाही, त्याच्या हातात उरतं काय? झेंडा. तोही त्यानं धरायचा नाही, का तर मुलांच्या मनावर परिणाम होतो? हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर दर १ जूनला मी माझ्या मुलीला घेऊन जातो. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली ते तिला सांगतो, आणि पुढंही सांगत राहणार. शिवजयंतीच्या चित्ररथावर ती जिजाऊ होते तेव्हा तिची मान जशी ताठ होते, तशी शाळेच्या कुठल्या बक्षिसानं होत नाही. हे तिच्याकडून काढून घ्यायचं नाही.

मार्कंडेयकाठ

दादा, काढून घ्या असं मी म्हटलेलंच नाही. उताऱ्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. तो हक्क आहे आणि तो मागितलाच पाहिजे. माझा प्रश्न वेगळा आहे. मुलगी जिजाऊ होते तेव्हा तिची मान ताठ होते ती जिजाऊंमुळं, की समोर कुणीतरी 'ते' उभे आहेत म्हणून? पहिलं असेल तर मला काहीच म्हणायचं नाही.

मानसी_धारवाड

मी धारवाडला मानसशास्त्र शिकते, माहेर निपाणीजवळ. या प्रश्नावर झालेले काही प्रयोग मला आपल्या भागाशी फार जवळचे वाटतात, म्हणून सविस्तर लिहिते.

हेन्री ताजफेल नावाचा पोलिश ज्यू माणूस. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत सापडला आणि आपण फ्रेंच आहोत असं सांगून वाचला. घरचे बहुतेक सगळे मारले गेले. एका शिक्क्यावर माणूस जगतो की मरतो हे ठरताना त्यानं स्वतः पाहिलं, आणि पुढं आयुष्यभर तोच विषय धरून बसला. १९७० च्या आसपास त्यानं इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि सांगितलं, तुम्हाला क्ली आवडतो, तुम्हाला कँडिन्स्की. प्रत्यक्षात गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले होते. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं, भांडण नाही, इतिहास नाही, झेंडासुद्धा नाही. तरी पैसे वाटायला सांगितल्यावर मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. अंगावर काटा आणणारी गोष्ट पुढंच आहे. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळायला हवेत, अशी निवड बऱ्याच जणांनी केली.

चित्रकाराच्या नावावर एवढं होत असेल तर आपल्याकडं तर भाषा आहे, साठ-सत्तर वर्षांचा झगडा आहे, गेलेली माणसं आहेत.

दुसरा प्रयोग मुझफ्फर शेरीफचा, १९५४ सालचा, अमेरिकेत ओक्लाहोमाच्या एका उन्हाळी शिबिरात. अकरा-बारा वर्षांची २२ मुलं, सगळी एकाच धर्माची, एकाच वर्गाची, एकमेकांना अनोळखी. दोन गट आधी वेगवेगळे ठेवले. त्यांनी स्वतःला गरुड आणि रॅटलर साप अशी नावं घेतली, झेंडे केले. मग सामने लावले. रस्सीखेच हरल्यावर गरुडांनी सापांचा झेंडा जाळला. पुढं खोल्यांवर छापे, हातघाई. शेवटी टाकीतून येणारं पाणी बंद पडलं, ट्रक अडकला, अशा दोघांना मिळूनच सोडवाव्या लागणाऱ्या अडचणी उभ्या केल्या तेव्हा कुठं दिलजमाई झाली.

पाठ्यपुस्तकात इथवरच असतं. पण त्याच शेरीफनं आदल्या वर्षी, १९५३ ला, न्यूयॉर्क राज्यात असंच एक शिबिर घेतलं होतं आणि ते फसलं. तिथं मुलं आधी एकत्र राहिली होती, दोस्त्या झाल्या होत्या, नंतर गट पाडले. संशोधकांनीच खोड्या केल्या आणि दोष दुसऱ्या गटावर जाईल अशी व्यवस्था केली, तरी मुलं एकमेकांवर तुटून पडली नाहीत. उलट हे मोठी माणसंच करतायत असा संशय त्यांना आला. प्रयोग गुंडाळावा लागला.

माझ्या मते मार्कंडेयकाठ ताईंच्या प्रश्नाचं उत्तर या दोन शिबिरांतल्या फरकात आहे. झेंडा दोन्हीकडं होता, फक्त एका ठिकाणी तो ओळखीच्या आधी आला आणि दुसऱ्या ठिकाणी नंतर. शिबिर आणि सीमाभाग एकच नाही हे मलाही कळतं. पण घरात हा क्रम आपल्या हातात असतो.

पुणेस्थित

मानसी, फार चांगलं लिहिलंस. दुसरी बाजू मी सांगतो. बेळगावात मी 'मराठी' होतो, महाराष्ट्र एकीकरण समितीवाला, भांडायला उभाच असलेला. नोकरीला पुण्यात आलो आणि पहिल्याच महिन्यात 'कानडी' झालो. बोलण्याला हेल आहे म्हणून. माझ्या बहिणीनं "मी आलो" म्हटलं तर ऑफिसातल्या बायका हसल्या. आपल्याकडच्या बाया पिढ्यान् पिढ्या असंच बोलतात, त्यात अशुद्ध काय आहे? तिनं सहा महिन्यांत ते बोलणं टाकलं. आता तिच्या मुलाला आजीचं बोलणं 'गावठी' वाटतं.

ज्या महाराष्ट्रात जाण्यासाठी आमच्या आजोबांनी १९५६ पासून मार खाल्ला, तिथं आमचं मराठी चालत नाही. याचं दुःख फार खोल आहे. आणि मला वाटतं आमच्यातली काही माणसं म्हणूनच जास्त मोठा झेंडा धरतात. दोन्हीकडून 'तू आमचा नव्हेस' ऐकलेल्या माणसाला आपण कुणाचे तरी आहोत हे मोठ्यानं सांगावं लागतं.

दूधगंगा

मी या धाग्यावर लिहावं की नको असा विचार करत होतो. माझ्या घरची भाषा कन्नड, आम्ही लिंगायत, चिकोडी तालुक्यातले. शिक्षण मात्र सातवीपर्यंत मराठी शाळेत झालं, कारण गावात जवळची शाळा तीच होती. लिंगायत संतांची वचनं आजीकडून ऐकली आणि तुकोबांचे अभंग गुरुजींकडून. मला मराठी वाचायला कन्नडपेक्षा सोपं जातं, हे आमच्या पाहुण्यांना अजून आवडत नाही.

आमच्या घरातही वाक्यं होती. "मराठी माणूस गोड बोलतो खरं मनात समिती असते." तुमच्या घरी आमच्याबद्दल काय म्हणत होते तेही मला माहीत आहे, कारण मित्राच्या घरी मला मराठी समजून माझ्यासमोरच बोलायचे. आडमुठे, रांगडे, डोक्यात उशिरा शिरणारे. मी जेवत असायचो. त्या मावशी माझ्या ताटात वाढत वाढतच ते बोलायच्या. माझ्यावर त्यांची माया खरी होती आणि ते बोलणंही खरं होतं. मी 'कन्नड' आहे हे कळल्यावर म्हणाल्या, "तू वेगळा रे, तू तसला नव्हेस." याचा मला जास्त त्रास झाला. माझ्यामुळं त्यांचं मत बदललं नाही. मलाच त्यांनी त्या मतातून बाहेर काढून ठेवलं.

दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे कन्नडचे एवढे मोठे कवी, १९७३ चं ज्ञानपीठ मिळालेले, त्यांच्या घरी मराठी बोलत. कुमार गंधर्व आमच्या सुळेभावीचे, घरची भाषा कन्नड, आणि मराठी माणूस त्यांना आपलंच मानतो. मोठ्या माणसांबाबत आपण हे सहज पचवतो. माझ्यासारख्या साध्या माणसाला मात्र लग्नाच्या बैठकीत, शाळेच्या फॉर्मवर, बसमध्ये कंडक्टरसमोर एकच काहीतरी निवड म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये बसमधल्या भाषेच्या वादावरून मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवर थांबल्या, तेव्हा माझी मुलगी कोल्हापूरला कॉलेजात होती. फोनवर तिनं विचारलं, "पप्पा, रस्त्यात मी कुठल्या भाषेत बोलू?" तिला काय सांगायचं होतं मी?

वैशाख_द्वितीया

दूधगंगा दादा, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो. "तू तसला नव्हेस" हे आमच्या घरातही बोललं जातं. त्याचा अर्थ तुम्ही लिहिलात तसा मी कधी घेतला नव्हता. मुलीला कुणी रस्त्यात भाषा विचारू नये यासाठी तुमच्याबरोबर उभा राहीन, आणि उताऱ्यासाठी तुम्ही माझ्याबरोबर राहा.

दूधगंगा

राहीन की. उतारा ज्याचा त्याला वाचता यायलाच पाहिजे. कन्नड राज्यभाषा आहे म्हणून तुमच्या आईनं अंधारात राहावं असं माझ्या आजीला पटलं नसतं, मलाही पटत नाही.

शेणोळी_माहेर

मानसी, त्या कुपवाडच्या अभ्यासाबद्दल लिही ना. मागं एका धाग्यावर उल्लेख केला होतास.

मानसी_धारवाड

हो. सांगलीजवळचं कुपवाड. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली तिथल्या बोलींवर लेख लिहिला. जैन आणि लिंगायत घरी कन्नड बोलायचे, मुसलमान उर्दू, इतर काही मराठी. शतकानुशतकं एकत्र राहून या भाषांची वाक्यरचना इतकी सारखी झाली होती की एका भाषेतलं वाक्य जागच्या जागी शब्द बदलून दुसऱ्या भाषेत नेता यायचं. तरी शब्द मात्र प्रत्येकानं आपापले जपले होते. घरात आणि आपल्या माणसांत भाषा बदलली नाही, कारण आपण कोण हे त्यातूनच ठरत होतं. म्हणजे जवळीक आणि वेगळेपण दोन्ही एकाच वेळी टिकलं.

खानापूर_गुरुजी

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. दोन मुद्दे मांडतो.

पहिला शाळेचा. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलं असतील तर त्यांच्या मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, हे १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं. १९५६ साली घटनेत ३५०अ कलम आलं. कागद आपल्या बाजूचा आहे. पण आज आमच्या शाळांचे वर्ग रिकामे होतायत ते फक्त सरकारमुळं नाही. आपणच मुलं इंग्रजी माध्यमात घालतो. कन्नड पालकही तेच करतात. परिणाम असा की ज्या मुलाच्या गाडीवर भलामोठा भगवा आहे त्याला मराठी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचता येत नाही, आणि लाल-पिवळं उपरणं घेतलेल्या पोराला बसवण्णांचं एक वचन सलग म्हणता येत नाही. भाषा जसजशी हातातून सुटते तसतसा झेंडा मोठा होत जातो. माझ्या नोकरीच्या काळात हे मी डोळ्यांनी पाहिलं. ज्या काळात पोरं मराठी भरपूर वाचायची त्या काळात त्यांना झेंड्याची एवढी गरज पडत नव्हती.

दुसरा मुद्दा गोष्टींचा. संस्कार म्हणजे शेवटी आपण मुलाला कुठली गोष्ट सांगतो, आणि कुणाच्या तोंडून सांगतो. बैलहोंगल तालुक्यातलं बेलवडी घ्या. शिवाजी महाराज दक्षिणेच्या स्वारीवरून परतताना त्यांच्या फौजेनं तिथल्या गढीला वेढा दिला. गढीची मालकीण लढली, आणि महिनाभर लढली. मराठी बखरीत तिचं नाव सावित्री येतं. कन्नड परंपरेत ती बेळवडी मल्लम्मा. आमच्या बाजूनं गोष्ट सांगतात ती अशी, की सरदारानं तिचा अपमान केला हे कळताच महाराजांनी त्या सरदाराला कडक शिक्षा केली आणि तिला सन्मानानं सोडलं. त्यांच्या बाजूनं सांगतात ती अशी, की महाराजांच्या फौजेला आमच्या राणीनं अडवून धरलं. धारवाडजवळच्या यादवाड गावात एक शिल्प आहे. त्यात महाराज मल्लम्मांच्या बाळाला मांडीवर घेऊन दूध पाजताना दाखवलेत असं परंपरा सांगते. ते कन्नड मुलखात आहे, आणि तिथल्या लोकांनी ते आजवर सांभाळलंय.

मी वर्गात दोन्ही गोष्टी सांगायचो, आधी मल्लम्माची. मुलं तिच्या बाजूनं उभी राहायची, वेढा उठावा असं त्यांना वाटायचं. मग महाराज यायचे, आणि मुलांना महाराजांचा जो अभिमान वाटायचा तो कुणाला हरवल्याचा नसायचा. शूर बाईला ओळखण्याची आणि आपल्याच माणसाला शिक्षा करण्याची ताकद त्यांच्यात होती, याचा असायचा. हा अभिमान मुलाला आयुष्यभर पुरतो. त्याला टिकून राहायला समोर शत्रू लागत नाही.

आणखी एक. १९२४ ची काँग्रेस बेळगावला भरली, गांधीजी अध्यक्ष होते, ती गंगाधरराव देशपांड्यांनी उभी केली. हुदलीचे, टिळकांचे शिष्य, आणि लोक त्यांना म्हणत कर्नाटक सिंह. आज असा माणूस कुठल्या झेंड्याखाली उभा करायचा यावरून आपण भांडू. तेव्हा तो प्रश्न कुणाला पडला नाही.

पुणेस्थित

गुरुजी, बेलवडीची गोष्ट मला वयाच्या चाळिशीत आज कळली. बैलहोंगलला माझी आत्या असते, लहानपणी दर सुट्टीत जायचो. एकदाही कुणी सांगितलं नाही.

मार्कंडेयकाठ

गुरुजी, मानसी, दूधगंगा दादा, तुम्ही माझ्या प्रश्नाला हात घातलात. वैशाख दादांचं म्हणणंही मी सोडत नाही. हक्काचं बोलणं मुलांसमोर झालंच पाहिजे. फक्त ते सांगताना 'सरकारनं कागद दिला नाही' असं सांगू. 'त्या लोकांनी दिला नाही' असं सांगायला लागलो की शेजारच्या अक्का त्यात ओढल्या जातात, आणि अक्कांना तर स्वतःचा उताराही धड वाचता येत नाही, कन्नडमध्ये असून.

मुलगा आता नववीत आहे. त्याला बेलवडी आणि यादवाड दाखवावं असं मनात आलंय. गुरुजी, तुम्ही येऊ शकाल का? दूधगंगा दादा, तुमच्या ओळखीतली मुलं असतील तर दोन्हीकडची मिळून नेऊ.

खानापूर_गुरुजी

येतो. पावसाळा संपल्यावर जाऊ, तोवर रस्तेही बरे होतील. बैलहोंगलवरून बेलवडी करायची, तिथून धारवाडच्या बाजूला यादवाड, आणि संध्याकाळी परत. मात्र एक अट आहे. बेलवडीत गोष्ट मी सांगणार नाही. तिथल्या कुणा जाणत्या माणसाकडून ती कन्नडमध्ये ऐकायची, आणि ज्यांना कळणार नाही त्यांना दूधगंगांनी समजावून सांगायची.

दूधगंगा

चालतंय गुरुजी. माझ्या भावाची दोन मुलं आणि गल्लीतली तीन-चार येतील. यादवाडला मराठीतून तुम्ही सांगा.

वैशाख_द्वितीया

मुलगी माझी येईल. मीपण येतो. गाडीचं मी बघतो.